वाघ भांडणात पडत नाही

दिव्यानीला या वर्षी घरीच शिकवायचं असं चंदाने ठरवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रणितने, एकच अट घातली.

"अक्षर सुधरव तिचं. बाकी तुले जे शिकवाचं ते शिकव."

प्रणित वनरक्षक होता. वडशाहून आत, डांबरी रस्ता संपून मुरुमाचा रस्ता सुरू होतो तिथे त्याचं क्वार्टर आणि समोर वनविभागाचा नाका. कोसमटोला गाव हाकेच्या अंतरावर होतं, पण गावची शाळा नाल्यापलीकडच्या दुसऱ्या गावात होती. दिवाळीनंतर त्या वाटेवर एका वाघिणीने आपल्या दोन पिल्लांसह मुक्काम टाकला. तेव्हापासून गावातली पोरं ट्रॅक्टरमध्ये बसून शाळेत जायची, आणि ट्रॅक्टर धानाच्या कामाला गेला की शाळेला आपोआप सुट्टी व्हायची. गुरुजींनीच फोनवर सांगितलं, "ताई, तुम्ही डी.एड. आहात. लहान आहे पोरगी, दुसरीचं तर आहे सगळं. घरी घ्या करून."

चंदा डी.एड. होती हे खरं. शिक्षकभरतीची जाहिरात निघेल म्हणून ती लग्नाआधीपासून वाट पाहत होती. जाहिरात आली नाही, दिव्यानी आली. त्यामुळे शिकवायला पहिली विद्यार्थिनी मिळाली ती घरचीच. चंदाने तिला अशा उत्साहाने हातात घेतलं की जणू मधली सगळी वर्षं ती हिच्याच तयारीला बसली होती.

तिची पद्धत साधी होती. आधी पाहून लिहायचं आणि तिथूनच पुढे मनाने लिहायचं. पान बदलायचं नाही, मधे ओळ सोडायची नाही. चांगल्या छापलेल्या चार ओळी सुबक अक्षरात उतरवून काढायच्या आणि पाचवी ओळ आपली.

"असं काऊन पण?" प्रणितने विचारलं. "पाहून लिहू दे ना नुसतं. अक्षर वळते."

"नुसतं पाहून लिहिलं तं अक्षर छान येते, पण सांगाले काही राहत नाई," चंदा म्हणाली. "अन् नुसतं मनानं लिहिलं तं सांगाले लय राहते, पण ते कोनाले वाचता येत नाई. दोन्ही एका पानावर पाहिजे."

"मनानं लिहून काय होते? आमच्या खात्यात मनानं लिहिलं का मेमो येते."

चंदाने ते ऐकून घेतलं आणि पद्धत सोडली नाही. महिन्याभरात दुसरीचं पुस्तक संपलं. मग घरात जे जे छापील सापडेल ते दिव्यानीसमोर येऊ लागलं. कॅलेंडरची मागची बाजू, खताचं पोतं, खोकल्याच्या औषधाची बाटली. एके दिवशी तिने बाटलीवरचं सुरेख उतरवून काढलं, 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' आणि तिथूनच पुढे लिहिलं, 'बाबांना उठवण्यापूर्वी चांगले हलवावे. पहिल्यांदा हलवल्यास काही होत नाही. उठल्यावर लहान मुलांनी त्यांच्या हाती लागू नये, नाहीतर ते पाढे विचारतात.'

चंदाने ते पान नवऱ्याला दाखवलं नाही. पण ती स्वतः स्वयंपाकघरात जाऊन हसून आली, आणि परत येऊन फक्त 'पूर्वी'ची वेलांटी दुरुस्त केली.

मग प्रणितच्या टेबलावरची कार्यालयीन पत्रं सुरू झाली. त्या भाषेत दिव्यानी अशी रमली की विचारू नका. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की,' एवढं पाहून लिहून झालं की तिचा हात थांबेचना. 'आज आईने भेंडी केली आहे. तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी. जे ताटात ठेवतील त्यांच्यावर नियमानुसार कारवाई करण्यात येईल.' हे मात्र प्रणितने वाचलं. आधी तो खो खो हसला, मग गंभीर झाला, कारण पत्रात चूक काढायला जागा नव्हती. त्याच्या स्वतःच्या पत्रात साहेबांना ती नेहमी सापडायची.

आणि अक्षर म्हणाल तर ते आईचंच. तोच गोलावा, तेच लांबलचक काने. माय कोणती आणि लेक कोणती, हे पानावर ओळखू येईनासं झालं होतं.

फेब्रुवारी संपत आला आणि वरून हुकूम आला. मोह फुलायच्या आत प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी वाघाच्या सूचनेचा बोर्ड लागला पाहिजे. गेल्या हंगामात शेजारच्या बीटात, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत, एक बाई पहाटे एकटीच मोहफुलं वेचायला गेली होती, ती परत आली नव्हती. त्यामुळे या वेळी कोणी हयगय करायला तयार नव्हतं. पत्र्याचे हिरवे कोरे बोर्ड आले, पांढरा रंग आला, ब्रश आले. फक्त पेंटर आला नाही. वडशाचा पेंटर नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्यात गुंतला होता आणि हंगाम संपेपर्यंत त्याला राजवाडे आणि बागा सोडून वाघाकडे बघायला फुरसत नव्हती.

"मी लिहून देते," चंदा म्हणाली.

"एवढे सारे?"

"आमी दोघी हाव ना."

तिने पहिला बोर्ड स्वतः लिहिला. तो समोर भिंतीला टेकवून ठेवला आणि दिव्यानीच्या हातात खडू दिला. "हा पाहून बाकीच्यांवर खडूनं लिहाचं. मी मागून रंग भरते."

दिवसभर अंगणात काम चाललं. दिव्यानी एकेक बोर्ड खडूने लिहून पुढे सरकत होती, चंदा ब्रश घेऊन मागून येत होती. आता रंगाने अक्षर भरणाऱ्या माणसाचं एक होतं. त्याला अक्षर दिसतं, वाक्य दिसत नाही. 'व' भरला की 'घ', 'घ' भरला की काना. ऊन चढत होतं, चुलीवर भात होता, रंग वाळायच्या आत ओघळ पुसायचे होते. शेवटचा बोर्ड इतरांपेक्षा मोठा निघाला. त्यावर जास्त अक्षरं आहेत हे चंदाच्या मनगटाला कळलं, पण मनगटाने ते डोक्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वनमजूर लटारूभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. प्रणितने बोर्ड मोजून दिले, लटारूभाऊने मोजून घेतले आणि संध्याकाळपर्यंत सगळे लावून टाकले. मोठा बोर्ड मोठ्या वाटेला शोभेल म्हणून त्याने तो नाल्याच्या फाट्यावर लावला, जिथून सगळं गाव जंगलात शिरतं.

सकाळी प्रणित दात घासत होता, तर फाटकावर सुकरीबाई उभी. कोसमटोल्याची सुकरीबाई आणि तिची सून चंचल यांना नाक्यावर न ओळखणारं कोणी नव्हतं. दोघी रोज सोबत जंगलात जायच्या, सोबत यायच्या आणि जाता-येता भांडायच्या. त्या येताहेत हे मोराला आधी कळायचं. आज दोघी गप्प उभ्या होत्या, म्हणून प्रणित ब्रश हातात घेऊनच पुढे आला.

"गार्डसाहेब," सुकरीबाई म्हणाली, "सरकारले माझ्या घरातलं कोनं सांगतलं?"

"काय सांगतलं?"

"बोर्डावर माझं नाव हाय. फाट्यावर. हरिदासभाऊनं वाचून दाखोलं साऱ्या गावाले."

"बाई, त्या बोर्डावर वाघाचं नाव हाय."

"वाघाचं बी हाय. त्याच्या खाली माझं हाय."

आत चहा ठेवत असलेल्या चंदाने हे ऐकलं. मोठा बोर्ड, दुखलेलं मनगट आणि आपली पद्धत, या तिन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एका ओळीत उभ्या राहिल्या. तिने लेकीला हाक मारली.

"दिव्यानी, मोठ्या बोर्डावर काय लिहिलं तू?"

"सावधान लिहिलं," दिव्यानी म्हणाली.

"अन् पुढं?"

"पुढं मनानं लिहिलं." तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्याच्यात जागा उरली होती ना आई. पाहून लिहिल्यावर थांबाचं नाई, तूच तं म्हणतं."

प्रणितने लटारूभाऊकडे पाहिलं. तो तेवढ्यात कामावर आला होता.

"लटारूभाऊ, लावताना वाचलं नाई का तुमी?"

"मी कायले वाचू?" लटारूभाऊ शांतपणे म्हणाला. "सरकारी बोर्ड कोन वाचते? तुमी मोजले, मी मोजले. बरोबर होते."

प्रणितने तोंड धुतलं न धुतलं, पाना घेतला आणि मोटारसायकलला किक मारली. मॅडम आज येणार होत्या. रेंजच्या आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, मॅडम नव्या होत्या, कडक होत्या आणि मोहाच्या हंगामाची सभा घ्यायला कोणत्याही घटकेला पोचणार होत्या. सभेला गावातून कोणी येत नाही ही त्याची नेहमीची काळजी. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, की कोणी येऊ नये.

फाट्यावर जत्रा होती. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. पोलीस पाटील हरिदासभाऊ बोर्डाजवळ उभा राहून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवत होता. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्याशुभ्र, सुरेख अक्षरात लिहिलं होतं,

'सावधान. या परिसरात वाघाचा वावर आहे. जंगलात एकट्याने जाऊ नये. अंधारात मोहफुले वेचण्यास जाऊ नये. वाघीण बाईला दोन पिल्ले आहेत. ती कामात असते. तिला दचकवू नये. जाताना मोठ्याने बोलत जावे म्हणजे तिला आधीच कळते. बोलायला काही नसल्यास सुकरीबाई व तिच्या सुनेला सोबत न्यावे. त्या रोज भांडतात. वाघ भांडणात पडत नाही. आदेशावरून, वनविभाग.'

प्रणितने ते उभ्या उभ्या वाचलं. वाचता वाचता त्याच्या मनात आलं, की एकही वेलांटी चुकलेली नाही. मग तो भानावर आला आणि बोर्डाचे नट सोडवायला पुढे झाला.

"थांबा," सुकरीबाई म्हणाली. सुनेला घेऊन लटारूभाऊच्या ट्रॅक्टरवरून ती त्याच्या मागोमाग पोचली होती.

"बाई, काढूनच टाकतो ना. तुमाले वाईट वाटलं ना."

"सकाळी वाटलं. आता गर्दी पाहून राह्यली मी."

गर्दीत खरंच निराळंच काहीतरी सुरू झालं होतं. वरच्या टोल्यावरच्या, म्हणजे गावाच्या वरच्या वस्तीतल्या, बाया सुकरीबाईला विचारत होत्या, की उद्या आमच्या टोळीत येशील का. खालच्या टोल्यावरच्यांनी परवाचं नक्की करून टाकलं होतं. एक म्हातारी तक्रार करत होती, की भांडायला आम्ही काय कमी आहोत, आमचं नाव काऊन नाई. हरिदासभाऊने तिला समजावलं, की शासनाने पाहणी करूनच नाव टाकलं असेल, आपल्याला त्यात बोलता येणार नाही.

"माझी एक गोष्ट हाय," इतका वेळ गप्प असलेली चंचल म्हणाली. "बाईचं नाव लिवलं अन् माझं नुसतं 'सून'. भांडन काय एकटी करते का ते?"

"चंचलताई, हे सारं चुकून झालं," प्रणित म्हणाला. "हा बोर्ड राहत नाई इथं."

"सरकारी बोर्डाले हात लावाचा नाई," सुकरीबाई म्हणाली. "गुन्हा हाय तो. तुमीच सांगतलं होतं मागं."

तो पान्याने नट फिरवणार आणि सुकरीबाई पत्र्याला पाठ लावून उभी राहणार, एवढ्यात मागे जीप थांबली.

मॅडम उतरल्या. लोकांनी वाट करून दिली. हातात पाना असलेल्या आपल्या वनरक्षकाकडे त्यांनी एकदा पाहिलं, सुकरीबाईला बाजूला व्हायला सांगितलं आणि बोर्ड वाचला. सगळा वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

प्रणितच्या डोळ्यांसमोर मेमो तरळला. मग खडूने पांढरे झालेले दोन छोटे हात आले, आणि ब्रश धरून दुखलेलं एक मनगट. तो कधी फार शूर म्हणून ओळखला जात नव्हता, पण त्या क्षणी त्याला उत्तर सुचायला काही वेळ लागला नाही.

"मी लिहिलं मॅडम. चूक माझी हाय."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "या रेंजला आल्यापासून मी प्रत्येक बोर्डासमोरून गेले आहे," त्या म्हणाल्या. "एकासमोरही माणूस थांबलेला पाहिला नाही. एकावर तर कोणीतरी ओली लुगडी वाळत घातली होती. आणि इथे तुम्ही सगळं गाव उभं केलंत. मागच्या वर्षी असा एक बोर्ड असता तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "सुकरीबाई कोण?"

"मी," सुकरीबाई म्हणाली.

"तुमचं नाव इथे राहिलेलं चालेल?"

"सुनेचं बी टाका. मंग चालते."

"टाका," मॅडम प्रणितला म्हणाल्या. "आणि दुसऱ्या फाट्यांवर पण असेच बोर्ड पाहिजेत मला. हेच नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळं. सोमवारी येते. तुम्हीच लिहा. असं लिहिणारा माणूस आपल्या खात्यात आहे हे मला माहीतच नव्हतं."

त्या दिवशी सभेला जागा पुरली नाही. सभा संपेपर्यंत प्रणितच्या कानात मात्र एकच वाक्य फिरत होतं. तुम्हीच लिहा.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. खोटं बोललो हेही सांगितलं. चंदा ऐकत राहिली. नवऱ्याने सगळ्या गावासमोर चूक आपल्या अंगावर घेतली हे ऐकताना तिने पदराने डोळ्याची कड पुसली, आणि मग त्याच्यासमोर पाटी आणून ठेवली.

"हे कायले?"

"मॅडमनं तुमाले सांगतलं ना लिहाले?"

"अवं, दिव्यानी लिहीन ना. तिले येते."

"तिले येते. पण तुमी मॅडमले मी लिहिलं म्हणून सांगतलं. आता तिच्याकडून लिहून घेऊन तुमच्या नावानं लावलं तं ते पोरगी काय शिकन? पाहून लिहिलेलं अन् मनानं लिहिलेलं, यातला फरकच जाईन तिचा."

प्रणित पाटी घेऊन ओसरीवर बसला. बराच वेळ बसला. शेवटी त्याने लिहिलेलं दिव्यानीने शेजारी उभं राहून वाचलं, 'तरी सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की वन्यप्राण्यांपासून सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक ती खबरदारी घेण्यात यावी.'

"बाबा, हे तं पाहून लिहिलं."

"नाई वं. मनानं लिहिलं."

दिव्यानीने पाटीकडे पुन्हा पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. ती चिडवत नव्हती, तिला खरंच वाईट वाटलं होतं. "तुमचं मनानं लिहिलं का पाहून लिहिल्यासारखंच निघते," ती म्हणाली.

चंदाने आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, तिने पाटी पुसली आणि त्यावर लेकीच्या बोर्डावरच्या ओळी लिहून दिल्या. वाघीण बाईला दोन पिल्ले आहेत, ती कामात असते, तिला दचकवू नये. "हे पाहून लिहा," ती प्रणितला म्हणाली. "सुबक काढा. घाई करू नका. अन् तिथून पुढं थांबू नका."

मोठी माणसं अशा वेळी हसून उठून जातात. प्रणित गेला नाही. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला तो माणूस मांडी घालून बसला आणि सात वर्षांच्या मुलीची वाक्यं पाहून लिहू लागला. लिहिताना त्याला जाणवलं, की ती फार छोटी आहेत. एका वाक्यात एकच गोष्ट. जे खरं आहे ते, आणि जेवढं माहीत आहे तेवढंच. नक्कल संपली, पण खडू थांबला नाही. दिव्यानी श्वास रोखून बघत होती.

'मी या जंगलाचा राखणदार आहे. माझ्याजवळ काठी व शिट्टी आहे. तरी सागाच्या वळणावर माझे पाय जड होतात. मलाही भेव लागते. तेव्हा मी गाणे म्हणतो. गाणे चांगले नाही. ऐकू आल्यास हसू नये. आवाज द्यावा.'

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवरा सागाच्या वळणावर गाणं म्हणतो हे चंदाला आज कळत होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"छान," दिव्यानी म्हणाली, आणि आई देते तशी खाली बरोबरची खूण काढली.

"हे लावाचं नाई पण," प्रणित घाईने म्हणाला. "गार्डच भेते म्हटल्यावर लोक काय म्हणतीन?"

"मंग दुसरं लिहा."

त्याने सगळा रविवार प्रयत्न केला. दुसरं जे जे लिहिलं ते दिव्यानी वाचायची आणि नम्रपणे म्हणायची, "हे पाहून लिहिलं बाबा." बाकीच्या फाट्यांसाठी जमलं काही काही. एकावर अस्वलाबद्दल बरं लिहून झालं, एकावर जाळ लावू नये याबद्दल. पण सागाच्या वळणासाठी त्याच्या मनात दुसरं काही येईचना. मॅडम येण्याआधी चंदाने त्याच ओळी बोर्डावर रंगवल्या, या वेळी एकेक वाक्य वाचून. लटारूभाऊनेही या वेळी लावण्याआधी बोर्ड वाचला. वाचून तो प्रणितकडे न बघता म्हणाला, "नट पक्के बसवतो."

मॅडमनी सगळे बोर्ड पाहिले. सागाच्या वळणावर त्या जीपमधून उतरल्या, वाचून परत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला." वाटेत त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की गाणं मलाही येत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मोह पडायला लागला. एका सकाळी उजाडताना प्रणित गस्तीला निघायची तयारी करत होता. एक बूट पायात, एक हातात. फाटकाबाहेर आवाज आला म्हणून त्याने डोकं बाहेर काढलं, तर टोपल्या डोक्यावर घेऊन वरच्या आणि खालच्या टोल्यावरच्या सगळ्या बाया उभ्या होत्या. पुढे सुकरीबाई, तिच्या बाजूला चंचल.

"काय झालं बाई? वाघीन दिसली का?"

"कोनी दिसली नाई," सुकरीबाई म्हणाली. "तुमाले न्याले आलो."

"मले? कायले?"

"तुमाले भेव लागते म्हणून लिवलं ना तुमी. मंग एकट्यानं कायले जाता? उजाडायची वाट पाहिली अन् आलो."

प्रणितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणणार होता, की माझी ड्यूटी तुम्हाला सांभाळायची आहे, तुमची मला नाही. पण चंचलने तोपर्यंत त्याची काठी भिंतीपाशी जाऊन आणली होती आणि एका म्हातारीने त्याच्या शिट्टीची दोरी सरळ करून दिली होती. त्याने मुकाट्याने दुसरा बूट घातला.

"मंधात चाला तुमी," सुकरीबाईने हुकूम सोडला. "समोर मी हाव, मांगं चंचल हाय."

बायांच्या घोळक्यातून खाकी टोपी हळूहळू लांब गेली. ओसरीच्या पायरीवर दिव्यानी डोळे चोळत उभी होती. "आई," तिने विचारलं, "बाबाले शाळेत सोडाले नेऊन राह्यल्या का ह्या?"

"हो," चंदा म्हणाली. "आज पहिला दिवस हाय त्यांचा."

वाटेत गप्पा होत्या. कोणाच्या म्हशीने वाट सोडली, कोणाच्या पोराने पुण्याला नोकरी धरली, कोणाची भाजी खारट झाली, आणि मीठ कोणी टाकलं यावरून सासू-सुनेचं एक चांगलं रंगलेलं प्रकरण. प्रणितला दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढण्यात आलं. चंचलचं म्हणणं त्याला पटत होतं, पण समोर सुकरीबाई चालत होती, म्हणून तो जपून बोलत होता. मोहाची झाडं दिसायला लागली, खाली पिवळा सडा दिसला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की सागाचं वळण केव्हाच मागे पडलं.

त्याने थांबून मागे वळून पाहिलं. बाया टोपल्या उतरवून पसरायला लागल्या होत्या. सुकरीबाईने कंबर सरळ केली आणि त्याच्याजवळ येऊन जरा हळू आवाजात विचारलं, "गार्डसाहेब, गेलं का भेव?"

"गेलं बाई," प्रणित म्हणाला.

सुकरीबाईने मान हलवली आणि फुलं वेचायला वाकली.

"आमचं बी गेलं," ती म्हणाली.